चहाचा वाडगा



आपल्या भद्रावतीत कोणाच्याही घरी जा. तुम्ही टेकता न टेकता तोच आतून आवाज येतो, "चाय मांड गं, पावने आले." गंज चढतो. पाणी, साखर, पत्ती, आलं, दूध. कप कमी पडले तर कपातला तुम्हाला आणि बशीतला आम्हाला. मागल्या आठवड्यात वर्गात एका मुलीने विचारले, "गुरुजी, जपानात चहात दूधच नाही टाकत म्हणे. मग तो चहा कसला?" प्रश्न चांगला आहे, म्हणून या वेळी भित्तिपत्रकात हाच धडा घेऊ.

आधी हे ध्यानात ठेवा की झाड एकाच जातीचे आहे. आपल्या पुड्यातला आसामचा चहा आणि जपानचा हिरवा चहा, दोन्ही त्याच जातीच्या झाडाची पाने. फरक पडतो तो पान तोडल्यावर. आपल्याकडे पान सुकवतात, चुरडतात आणि हवेत राहू देतात. वांगे चिरून ठेवले की काळे पडते ना? तसेच पानाचे होते. जपानात पान तोडल्यावर लगेच त्याला वाफ देतात. वाफेने ती काळे पडण्याची क्रिया थांबते आणि पान हिरवे राहते. असे पान खळखळत्या पाण्यात टाकले तर कडू होते, म्हणून पाणी उकळून जरा निवू देतात आणि मग ओततात. साखर नाही, दूध नाही. पहिल्या घोटाला तुम्ही तोंड वाकडे कराल हे मी आजच सांगून ठेवतो!

हे झाड मूळचे जपानचे नव्हे. चीनमधून बौद्ध भिक्षूंनी तिकडे नेले. एइसाई नावाचा भिक्षू ११९१ साली चीनहून परतला, त्याने बिया आणल्या आणि पुढे चहाच्या गुणांवर एक पुस्तकही लिहिले. आपल्या विजासनच्या लेण्यात बुद्धाची बसलेली मूर्ती तुम्ही सहलीत पाहिली आहे. तसे तासन् तास डोळे अर्धे मिटून बसायचे म्हणजे झोप येणारच. चहाने झोप उडते, म्हणून मठात चहा आला. एक गंमतीची गोष्टही सांगतात. भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्माला ध्यानात डुलकी लागली, त्याने रागाने पापण्या कापून फेकल्या आणि तिथे चहाची झाडे उगवली. ही गोष्टच आहे, खरी समजू नका.

मठातून चहा घरोघरी गेला. आज जपानी भाषेत रोजच्या साध्या बाबीला जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ 'चहा-भाताची गोष्ट' असा होतो. आपल्यासारखाच तो भात खाणारा मुलूख. उरलेल्या भातावर आपण ताक ओततो, तिथे गरम चहा ओततात, वर खारवलेले काही घालतात आणि जेवण झाले. भाजलेल्या पानांचा एक तांबूस, हलका चहा असतो, तो लहान मुलांनाही देतात. आपल्याकडे मृग मोजतात तसे तिकडचे शेतकरी त्यांच्या पंचांगातल्या वसंताच्या पहिल्या दिवसापासून ८८ वा दिवस मोजतात. तो २ मेच्या सुमारास येतो आणि त्या वेळचे कोवळे पान उत्तम मानतात. आता पुष्कळ लोक यंत्रात नाणे टाकून बाटलीतला गार चहा घेतात, तेही सांगितले पाहिजे. नाही तर तुम्हाला वाटेल सगळा देश दिवसभर मांडी घालून चहा घोटत बसतो.

पण मांडी घालून, खरे म्हणजे गुडघे दुमडून, चहा पिण्याची रीतही आहे, आणि ती शिकायला वर्षानुवर्षे लागतात. तिला आजचे रूप देणारा मोठा माणूस सेन नो रिक्यू, जन्म १५२२. त्या काळी तलवारबाज सरदारांचा अंमल होता. त्यांचा मुख्य हिदेयोशी याने सोन्याने मढवलेली चहाची खोली करवून घेतली होती. रिक्यूने बांधली ती मातीच्या भिंतींची, फक्त दोन चटयांएवढी. तिचे दार सव्वादोन फुटांच्या आसपास! गुडघ्यावर रांगतच आत जावे लागते. कमरेला तलवार असेल तर जमत नाही, ती बाहेर ठेवावी लागते. सरदार असो की व्यापारी, मान सगळ्यांनी वाकवायची. आत घट्ट चहाचा एकच वाडगा असतो. पहिला पाहुणा घोट घेतो, ओठ लागलेली कड पुसतो आणि वाडगा पुढच्याला देतो. त्या वाडग्यांतले काही चाकावर न फिरवता हातानेच घडवत. आपल्या गावच्या मातीकामाची तुम्हाला ओळख आहे, ग्रामोदय संघाचे नाव दूरवर आहे, तेव्हा बोटांचे ठसे राहिलेले भांडे कसे दिसते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली आणि १५९१ साली त्याने रिक्यूला मरणाची आज्ञा केली. का, यावर अजून वाद आहे.

हा एका वाडग्याचा भाग वाचला तेव्हा मला माझे बाबा आठवले. १९७८ च्या सुमारास मी तिसरीत होतो. बाजारच्या दिवशी बाबांबरोबर एका हॉटेलात गेलो. आत फळीवर काचेचे ग्लास ओळीने मांडलेले. बाबा आत गेले नाहीत. बाहेर कुडाच्या भिंतीला खिळे होते, त्यांना कान तुटायला आलेले दोन-तीन कप टांगलेले. बाबांनी त्यातला एक काढला, पुढे धरला, पोऱ्याने वरून चहा ओतला. प्यायल्यावर बाबांनी तो स्वतः विसळला आणि पुन्हा खिळ्याला लावला. पैसे मात्र आतल्यांइतकेच दिले. मी विचारले, "बाबा, आपला कप बाहेर का?" ते म्हणाले, "चाल, उशीर होते."

संविधानाने १९५० सालीच अस्पृश्यता बंद केली होती. १९५५ च्या कायद्यात तर हॉटेलातली भांडी वापरू न देणे हा गुन्हा आहे असे स्पष्ट लिहिले आहे. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे जवळच चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, त्या गर्दीत माझे आजोबा होते. तरी तो कप मी त्यानंतर बावीस वर्षांनी पाहिला. बाबांनी त्या दिवसानंतर बाहेरचा चहा सोडला. घरी मात्र दारावरून जाणाऱ्या कोणालाही हाक मारत, "या, अर्धा अर्धा घेऊ."

येत्या शनिवारी अर्ध्या सुट्टीनंतर आपण हिरवा चहा करून पाहू. पत्ती मी आणतो. पाणी उकळून पाच-सात मिनिटे निवू द्यायचे काम सातवीकडे. प्रत्येकाने घरून एक वाटी आणावी. नाव लिहू नये. सगळ्या वाट्या गरम पाण्याने धुऊन टेबलावर एकत्र ठेवू आणि ज्याच्या हाताला जी येईल तीत त्याने चहा घ्यावा. ज्याला आवडणार नाही त्याच्यासाठी गूळ ठेवला आहे.