डोक्याची कवटी व तान्ह्या बाळाची टाळू

डोक्यावरून हात फिरविला असता कवटी मडक्याप्रमाणे एकसंध आहे असे वाटते. परंतु ती तशी नाही. लहानमोठी २२ हाडे एकमेकांस जोडून ती झालेली आहे. त्या हाडांची कामे आम्ही ह्या पाठात सांगणार आहो. ही माहिती ज्या आईस आहे, तिला आपल्या बाळावर येणारे संकट वेळीच ओळखता येते.

ह्यांपैकी ८ हाडांची मिळून मेंदूची पेटी होते. पुढे कपाळाचे १, माथ्याची दोन्ही बाजूंस २, त्यांखाली कानशिलांची २ व पाठीमागचे १, अशी ही ६ झाली. सातवे पंख पसरलेल्या वटवाघळासारखे असून पेटीच्या तळाशी आडवे बसलेले आहे. आठवे नाकाच्या मुळाशी आहे. त्यास चाळणीप्रमाणे बारीक भोके असून त्यांतून वासाचे ज्ञान नेणारे तंतू मेंदूकडे जातात. पाठीमागच्या हाडाच्या तळाशी एक मोठे छिद्र आहे. तेथे मेंदू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस मिळतो.

बाकीची १४ हाडे चेहऱ्याची होत. ती डोळ्यांच्या खोबणी बनवितात, नाकाची वाट मोकळी राखितात व दातांस आधार देतात. कवटीच्या २२ हाडांत खालचा जबडा तेवढा हलतो. म्हणूनच आपणांस चावता येते.

कानशिलाजवळ कवटी पातळ असून तिच्या आतल्या बाजूने एक रक्तवाहिनी जाते. तेथे जबर मार लागल्यास ती कधी कधी फुटते. मग मनुष्य आरंभी शुद्धीवर असतो, बोलतो. परंतु काही तासांनी त्यास गुंगी येते किंवा वांत्या होऊ लागतात. अशा वेळी "झोपू द्या, बरा होईल" असे न म्हणता त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

आता तान्ह्या बाळाकडे वळू. त्याच्या कवटीची हाडे अजून सांधलेली नसतात. त्यामुळे जन्माच्या वेळी ती एकमेकांवर किंचित सरकतात व डोके अरुंद वाटेतून बाहेर येऊ शकते. पुढे मेंदूसही वाढावयास जागा मिळते. जन्मतः सुमारे ३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षभरात सुमारे ४६ सेंटिमीटर होतो. जेथे हाडे अद्याप मिळालेली नाहीत व केवळ चिवट पडदा आहे, ती जागा म्हणजे टाळू. मागची टाळू दोनतीन महिन्यांत मिटते. पुढची बहुधा १२ ते १८ महिन्यांत, व काही मुलांत दोन वर्षांपर्यंत भरून येते.

आपल्याकडे तेलाने टाळू भरण्याची चाल आहे. तेल हळुवार लाविल्याने टाळूस धक्का पोहोचत नाही. पण तेलामुळे टाळू मिटते ही समजूत खरी नव्हे. हाडांच्या कडा आपल्या आपण वाढतात. म्हणून तेथे दाबू किंवा थोपटू नये.

टाळू नाडीप्रमाणे उडते, व मूल रडताना फुगते, ह्यात भिण्यासारखे काही नाही. मूल शांत असता त्यास उभे धरून ती पाहावी. हगवण किंवा वांत्या होऊन टाळू खोल गेली, लघवी कमी झाली, तर अंगातील पाणी आटले असे समजावे. त्यावर तेल किंवा लेप हा उपाय नव्हे. अंगावरचे दूध चालू ठेवावे, जलसंजीवनी चमच्याचमच्याने पाजीत राहावे व मुलास दवाखान्यात न्यावे. उलटपक्षी, मूल शांत असूनही टाळू फुगलेली व ताठ लागली, आणि त्याबरोबर ताप, वांती किंवा सुस्ती असली, तर मेंदूच्या आवरणास सूज आली असण्याचा संभव असतो. तेथे एका रात्रीचाही उशीर प्राणघातक होऊ शकतो. डाग देण्यात वेळ दवडू नये.

पाठ घेणाऱ्यांनी शेवटी हे प्रश्न विचारावे:

१. मेंदूची पेटी किती हाडांची आहे?
२. बाळाच्या कवटीची हाडे सुटी असण्याचे दोन उपयोग कोणते?
३. टाळू खोल गेली असता काय करावे, व फुगली असता काय करावे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरोघरच्या आयांस व आज्यांस तोंडपाठ होईल असे करावे, अशी आमची विनंती आहे.