चालकाविना मोटार आणि आपली सरमिसळ रहदारी

नाटक रंगमंचावर येण्यापूर्वी त्याची रंगीत तालीम होते. तालमीत चूक झाली तर ती सुधारता येते. रस्त्यावर ही सोय नाही. तेथील चुकीची किंमत कोणाच्या तरी जिवाने मोजावी लागते. म्हणून अभियंते रहदारीची तालीम संगणकावर घेतात. हिलाच सिम्युलेशन म्हणतात. चालकाविना धावणारी मोटार आपल्या रस्त्यांवर आली तर कोंडी घटेल की वाढेल, हे या तालमीतून कसे समजते, ते प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहू.

या तालमीचा पाया साधा आहे. प्रत्येक वाहन पुढच्या वाहनाकडे पाहून आपला वेग ठरवते. पुढचा एकाएकी थांबला तरी आपल्याला सुरक्षित थांबता आले पाहिजे, या विचारावर गिप्स यांनी १९८१ साली गणिती सूत्र मांडले. पुढे २००८ साली जपानी संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ मोटारी चालवून पाहिल्या. वाटेत अडथळा कोणताच नव्हता. तरीही वेगातील बारीक चढउतार मागे मागे वाढत गेले आणि कोंडी उभी राहिली! अमेरिकेत टुसॉन येथे अशाच वर्तुळात एक स्वयंचलित मोटार सोडली, तेव्हा तिच्या संथ, एकसारख्या चालीने ही लाट शमली. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले.

मग आपलेही प्रश्न सुटले म्हणावयाचे काय? मला तसे वाटत नाही. वर्तुळातील मोटारी एकामागे एक, एकाच रांगेत होत्या. आपल्याकडे रांग असते कुठे? भोपाळचा हमीदिया मार्ग घ्या किंवा आपला खडेबाजार. मोटार, बस, रिक्षा, दुचाकी, सायकल आणि पादचारी एकाच पट्ट्यात वावरतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत शहरी रस्त्यावर मोटारीला १, सायकलीला ०.४ ते ०.५ आणि बस वा ट्रकला २.२ ते ३.७ असे भार दिले आहेत. मोजणीला हे आकडे उपयोगी आहेत. परंतु फटीतून वाट काढणाऱ्या दुचाकीस्वाराचा स्वभाव त्यांत उतरत नाही.

भोपाळचे उदाहरण मुद्दाम घेतले. 'स्वायत्त रोबोट्स' ही तेथील संस्था बोलेरो गाडीवर चालकाविना वाहनाचे प्रयोग करते. याच शहरात बससाठी राखीव मार्ग २०१३ साली सुरू झाला आणि २०२४ साली तो काढून टाकण्याचे काम हाती घेण्यात आले. वेगळी मार्गिका टिकली नाही, तेव्हा नव्या वाहनाला सरमिसळीतच चालावे लागणार, हे उघड आहे.

आता थोडे गणित करू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. सावध स्वयंचलित मोटार दोन सेकंदांचे, म्हणजे २० मीटर अंतर ठेवते असे समजा. त्या फटीच्या मध्यावर २ मीटर लांबीची दुचाकी शिरली, तर मोटारीपुढे ९ मीटरच उरतात. उणे पडलेले ११ मीटर भरून काढण्यास तिने वेग सेकंदाला २ मीटरने कमी केला, तर साडेपाच सेकंद लागतील. दर पाच सेकंदांनी एकेक दुचाकी शिरत राहिली, तर बिचारी मोटार मूळ वेग कधीच गाठणार नाही आणि तिच्यामागे रांग वाढत जाईल.

उलट अंतर अर्ध्या सेकंदाचे, म्हणजे ५ मीटर ठेवले, तर कागदावर रस्त्याची क्षमता वाढते. पण तेवढ्याही फटीत कोणी शिरलाच, तर त्याच्या पुढेमागे दीडदीड मीटर उरते. त्या वेगाने दीड मीटर जाण्यास सेकंदाचा सहावा हिस्साही लागत नाही. २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. तेव्हा हे अंतर किती ठेवावे, हा केवळ गणिताचा प्रश्न उरत नाही.

म्हणून अशा तालमीचा निष्कर्ष वाचताना तीन गोष्टी पडताळाव्यात असे मी सुचवीन. वाहनांची चाल आपल्याच रस्त्यावर मोजली आहे काय? दुचाकी बाजूने सरकते, हे गृहीत धरले आहे काय? आणि ताशी किती वाहने गेली यासोबत किती वेळा अपघात थोडक्यात टळला, हेही मोजले आहे काय? संगणक आपण सांगू तेवढेच जाणतो. सायकलस्वार आणि पादचारी तालमीतच नसतील, तर प्रत्यक्ष प्रयोगात त्यांना जागा कोण देणार? सूत्र लिहिणाऱ्या हाताने प्रथम रस्त्यावर उभे राहून तासभर मोजणी करावी. विद्यार्थ्यांना हा अभ्यास वही, पेन्सिल आणि घड्याळ एवढ्यावर आजही आरंभता येईल.