वैद्यकव्यवसायातील कायदेशीर क्रियाकाल : उधारी, धनादेश, स्वनिर्मित औषधे व नोटीस

संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती व भेद हे सुश्रुतोक्त सहा क्रियाकाल आपणा सर्वांस विद्यार्थिदशेपासून परिचित आहेत. दोष संचयावस्थेत असतानाच त्याचे निर्हरण करावे, असे आपण रुग्णांस रोज सांगतो. स्वतःच्या दवाखान्याच्या वा औषधी दुकानाच्या व्यवहारात मात्र आपण बहुधा भेदावस्थेपर्यंत थांबतो आणि मग वकिलांकडे धाव घेतो. कायद्याने दिलेले बरेचसे हक्क ठराविक दिवसांतच वापरावे लागतात. ते दिवस उलटले की बाजू खरी असूनही हाती काही उरत नाही. प्रस्तुत लेखात अशा मुदतींचा आणि त्यांस लागणाऱ्या कागदांचा विचार केला आहे. आम्ही विधिज्ञ नाही. गेली काही वर्षे जवळा बाजार येथे व्यवसाय करताना जे शिकावे लागले, त्यात थोड्या वाचनाची भर घालून हे लिहीत आहोत. प्रत्यक्ष प्रकरण उद्भवल्यास वकिलांचा सल्ला घ्यावाच.

उधारी आणि तीन वर्षे

जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातील बाजारपेठेचे गाव आहे. येथे कृषी उत्पन्न बाजार समिती आहे आणि पंचक्रोशीचा सारा व्यवहार सोयाबीन, तूर, कापूस व हळद यांच्या पैशावर चालतो. त्यामुळे औषधांची उधारीही सुगीवर बेतलेली असते. "सोयाबीन निघू द्या" असे म्हणत दसरा-दिवाळी जाते, "हळद विकू द्या" असे म्हणत उन्हाळा जातो. यात लबाडी असतेच असे नाही. पाऊस आणि भाव दोन्ही शेतकऱ्याच्या हातात नसतात, हे आपण जाणतो.

आमच्या परिचयातील एका औषधी दुकानदारांनी पक्षाघाताच्या रुग्णासाठी १० जून २०२२ रोजी तेले, गुग्गुळ कल्प व काढे मिळून २३,६०० रुपयांचा माल उधार दिला. वहीत नोंद केली, सही घेतली नाही. जुलै २०२५ मध्ये ते वकिलांकडे गेले, तेव्हा दावा मुदतबाह्य झाल्याचे त्यांस समजले. मुदतीच्या कायद्यानुसार (१९६३) विकलेल्या व ताब्यात दिलेल्या मालाच्या किमतीसाठी, उधारीची मुदत ठरलेली नसल्यास, माल दिल्याच्या दिवसापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. उधारीची मुदत ठरलेली असल्यास ती संपल्यापासून तीन वर्षे मोजतात, पण तसे ठरले होते हे सिद्ध करावे लागते, आणि तोंडी बोलण्याने ते कठीण जाते. माल निरनिराळ्या दिवशी दिला असेल तर सर्वसाधारणतः प्रत्येक खेपेची मुदत वेगळी चालते, हेही ध्यानात ठेवावे.

याच कायद्याच्या कलम १८ मध्ये यावर सोपा उपाय आहे. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने देणे मान्य असल्याचे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. कलम १९ प्रमाणे मुदतीच्या आत रकमेचा काही भाग दिला व त्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने असली, तरीही तोच परिणाम होतो. वरील दुकानदारांनी २०२३ च्या दिवाळीत वहीच्या त्या पानावर एक सही घेतली असती, तर त्यांस २०२६ च्या दिवाळीपर्यंत अवधी मिळाला असता.

केवळ आपल्या वहीतील नोंदीवर विसंबणे हीही चूक होय. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुरावा म्हणून ग्राह्य असते, परंतु तेवढ्यावरून कोणावरही देणे लादता येत नाही. जुन्या साक्षीपुरावा कायद्यात हे तत्त्व होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. बिलाच्या स्थळप्रतीवर माल घेणाऱ्याची सही असावी, ती याकरिता.

मुदत संपल्यानंतर नुसती कबुली उपयोगी पडत नाही. मात्र भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम २५(३) अन्वये मुदतबाह्य देणे फेडण्याचे लेखी व सहीचे वचन बंधनकारक ठरते. "देणे आहे" आणि "देईन" या दोन शब्दप्रयोगांत कायद्याने केलेला हा भेद सूक्ष्म आहे, पण मोलाचा आहे. आमच्या दुकानदारांचे देणेकरी सज्जन निघाले. त्यांनी "सदर रक्कम चार हप्त्यांत देईन" असे लिहून सही केली. सर्वांस असे देणेकरी लाभत नाहीत.

धनादेश परत आल्यास

येथे मुदती दिवसांत मोजल्या जातात. धनादेश तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत सादर करावा. तो रक्कम अपुरी असल्याने न वटता परत आला, तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी. नोटीस पोहोचल्यावर समोरच्यास १५ दिवस मिळतात. तेवढ्यात रक्कम न आल्यास पुढील एक महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद दाखल करावी लागते. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (१८८१) कलम १३८ प्रमाणे या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात.

"थोडे थांबा, पुढच्या आठवड्यात देतो" या शब्दावर नोटिशीचे ३० दिवस निघून जातात, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. तसे झाल्यास व धनादेशाचे तीन महिने अद्याप संपले नसल्यास तो पुन्हा सादर करावा. दुसऱ्यांदा परत आल्यावर नव्याने नोटीस देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एम. एस. आर. लेदर्स प्रकरणी स्पष्ट केले. शिवाय २०१५ च्या दुरुस्तीनंतर आपण ज्या शाखेतील खात्यात धनादेश भरला, तेथील न्यायालयात फिर्याद चालते. म्हणजे नांदेड वा परभणीच्या ग्राहकामागे तेथवर जाण्याचे कारण उरलेले नाही.

स्वतः केलेली औषधे

या विषयी आम्ही स्वतः चुकलो आहोत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आम्ही आमच्या रुग्णांसाठी अविपत्तिकर चूर्ण व एक-दोन लेप घरीच करतो. काही वर्षांपूर्वी बाजारातील एका स्नेह्याने "तुमच्या चूर्णाला मागणी आहे, थोडी पुडकी माझ्या दुकानात ठेवू" असे सुचविले. आम्ही चाळीस पुडकी दिली. त्यांवर पेनाने नाव लिहिले होते, बाकी काही नाही. पुढे एका ज्येष्ठ वैद्यांनी ती दुकानात पाहिली आणि तसेच आमच्याकडे येऊन "हे कोणत्या परवान्याखाली?" असा एकच प्रश्न केला. त्याच दिवशी आम्ही उरलेली पुडकी परत आणली.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात आयुर्वेदीय, सिद्ध व युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण १९६४ च्या दुरुस्तीने आले. त्यानुसार विक्रीसाठी आयुर्वेदीय औषध तयार करण्यास परवाना अनिवार्य आहे. त्याच तरतुदीत वैद्य व हकीम यांस एक सूट आहे : स्वतःच्या रुग्णांच्या वापरासाठी औषध करणाऱ्यास हा निर्बंध लागू नाही. ही सूट औषधास दिलेली नाही, वैद्य व त्याचा रुग्ण यांच्या नात्यास दिलेली आहे. आम्ही तपासलेल्या रुग्णास आमच्या दवाखान्यात दिलेले चूर्ण या सवलतीत बसते. तेच चूर्ण गल्ल्यावरून अपरिचितास विकले की सवलत संपते आणि ते परवान्याशिवाय केलेले उत्पादन ठरते. त्यास एक वर्षापर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे. योग ग्रंथोक्त आहे, द्रव्ये उत्तम आहेत, कोणास अपाय झाला नाही, यांपैकी कोणतेही उत्तर परवान्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

दुकानदार बंधूंनीही हे नीट समजून घ्यावे. केवळ आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस या कायद्याखाली वेगळा विक्री-परवाना लागत नाही. यावरून आपल्यावर काहीच जबाबदारी नाही असा समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. कायद्याचे उल्लंघन करून तयार झालेले औषध विकणे, साठविणे वा विक्रीस मांडणे हाही गुन्हा आहे. औषध कोणाकडून घेतले हे निरीक्षकांनी विचारल्यास विक्रेत्यास सांगावे लागते, आणि खरेदीचे बिल नसल्यास सांगणार काय? माल घेतानाच वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीचा दिनांक, वापराची अंतिम मुदत व घटकद्रव्ये पाहून घ्यावीत. वत्सनाभ, भल्लातक, कुचला, पारद, हरताल आदी अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असणे आवश्यक आहे.

फलक आणि हस्तपत्रक

महाशिवरात्रीच्या नागनाथ यात्रेत हस्तपत्रके वाटण्याचा मोह अनेकांस होतो. मधुमेह, मूतखडा, पक्षाघात, कर्करोग, वंध्यत्व, स्थूलता यांसह ५४ व्याधी-अवस्थांची सूची १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्यात आहे. या व्याधींवर अमुक औषध गुणकारी आहे अशी जाहिरात, दावा खरा असला तरी, करता येत नाही. परिपत्रक, लेबल, वेष्टन हे सर्व जाहिरातीत मोडते. मात्र नोंदणीकृत वैद्याने स्वतःच्या दवाखान्यावर "येथे या व्याधीवर उपचार केले जातात" असा फलक लावण्यास कलम १४ ने मोकळीक दिली आहे. भिंतीवर जे चालते ते हस्तपत्रकात चालत नाही.

भाड्याच्या जागेविषयी एवढेच सांगावेसे वाटते की, रोखीने दिलेल्या प्रत्येक भाड्याची पावती घ्यावी आणि करार लेखी करावा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो. ज्या गावांस महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे, तेथे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. हे पुष्कळ घरमालकांस ठाऊक नसते, भाडेकरूंस तर नसतेच.

ग्राहक आयोगाची नोटीस

इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणी १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. काही रुग्णांकडून शुल्क घेणारा वैद्य उरलेल्यांस मोफत तपासत असेल, तर तो मोफत रुग्णही ग्राहकच मानला जातो. खेड्यातील आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती नेमकी हीच आहे.

मुंबईतील पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल हे प्रकरण प्रत्येक वैद्याने माहीत करून घ्यावे. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरांनी ज्वराच्या रुग्णास ॲलोपॅथीची औषधे दिली आणि जुलै १९९२ मध्ये रुग्ण दगावला. ज्या शास्त्राची पात्रता नाही त्या शास्त्राचे उपचार करणे हाच निष्काळजीपणा होय, असे ठरवून १९९६ मध्ये न्यायालयाने तीन लाख रुपये भरपाई देवविली. महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांस आधुनिक औषधांविषयी मिळालेली मुभा व तिच्या मर्यादा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे इतकेच नमूद करतो की आपल्या प्रशिक्षणाबाहेर टाकलेले पाऊल सिद्ध करण्यास तक्रारदारास फारसे श्रम पडत नाहीत.

तक्रार साधारणपणे कारण घडल्यापासून दोन वर्षांत करता येते, आणि विलंब माफही होऊ शकतो. यास्तव केसपेपर किमान तीन वर्षे जपावेत, असे आमचे मत आहे. त्यात लक्षणे, निदान, दिलेली कल्पे व मात्रा यांबरोबर "पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात जाण्यास सांगितले" ही ओळही तारखेसह लिहावी. पुष्कळदा सल्ला दिलेला असतो, लिहिलेला नसतो.

वकिलामार्फत आलेली नोटीस आणि आयोगाकडून आलेली नोटीस यांतील फरक ओळखावा. पहिलीस उत्तर न देणे अहिताचे आहे, पण त्याने बाजू मांडण्याचा हक्क जात नाही. दुसरीस, तक्रारीच्या प्रतीसह ती मिळाल्यापासून, ३० दिवसांत लेखी म्हणणे द्यावे लागते. आयोग आणखी जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतो. त्यापुढे एक दिवसही वाढविता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी दिला. टपाल नाकारल्यानेही सुटका नाही, कारण नाकारलेली नोटीस बजावली गेली असेच मानले जाते. पाकीट स्वीकारावे, त्यावर मिळाल्याची तारीख टाकावी, पाकीट फेकू नये, आणि त्या रुग्णाच्या केसपेपरसह त्याच आठवड्यात वकिलांस भेटावे.