झोपड्यांचा माळ आणि गाठीची साथ



परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजींनी आम्हांला गावातल्या जागांची नावे लिहून आणायला सांगितली होती. कोणी चिंचेचा मळा आणला, कोणी म्हसोबाची पट्टी आणली. मी झोपड्यांचा माळ लिहून आणला. गुरुजी म्हणाले, "तिथे तर एकही झोपडी नाही. मग असे नाव का पडले?" मला सांगता येईना. सगळी मुले हसली. मग मी घरी जाऊन आजीला विचारले, आणि तिथून हा पाठ सुरू झाला. बाकीची माहिती गुरुजींनी पुस्तकांतून वाचून दाखवली आणि थोडी माझ्या बाबांनी दिली.

आजी म्हणाली, "माझी आजी लहान हुती तवा गाठीचा रोग आला. पिलेग म्हनायचे त्याला. घरात उंदीर पडला की आख्खं गाव उठायचं आन् माळावर जाऊन ऱ्हायाचं."

मी विचारले, "उंदीर कुठून पडला?" आजी खूप हसली. उंदीर पडला म्हणजे मेला. आढ्यावरून, कणगीमागून उंदीर बाहेर यायचे, झिंगल्यासारखे गरगर फिरायचे आणि मरायचे. तसे झाले की लोक समजायचे, साथ आली. मग भांडीकुंडी, गुरे, शेळ्या घेऊन सगळे माळावर जात. कडब्याच्या आणि तुराट्यांच्या झोपड्या बांधून दोन-तीन महिने तिथेच राहत. घरे मोकळी टाकीत. म्हणून त्याचे नाव झोपड्यांचा माळ.

आता प्लेग कसा होतो ते सांगते, कारण हे मला फार आवडले. प्लेगचे जंतू उंदरांना होतात. उंदराच्या अंगावर पिसवा असतात. पिसू उंदराचे रक्त पिते तेव्हा जंतू तिच्या पोटात जातात. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते. पिसूला गरम रक्त लागते. मग ती त्याला सोडून दुसरा उंदीर शोधते. उंदीर नाही सापडला तर माणसाला चावते. माणसाला ताप येतो आणि जांघेत किंवा काखेत मोठी गाठ येते. म्हणून गाठीचा रोग. म्हणजे उंदीर मेल्यावर घर सोडणे हे बरोबरच होते! लोकांना पिसवांचे माहीत नव्हते, पण काय करायचे ते अनुभवाने कळले होते. (मेलेला उंदीर शेपटी धरून फेकू नये. आमच्या वर्गातल्या दोघांना ती सवय आहे, नावे लिहीत नाही.)

ही साथ आपल्याकडे मुंबईतून आली. आधी 1894 साली ती हाँगकाँगला होती. तिथून बोटींबरोबर उंदीर आले असावेत असे म्हणतात. मुंबईत गोदीजवळ मांडवी नावाचा भाग आहे. तिथे धान्याची गोदामे होती, म्हणजे उंदरांची चंगळच. माझे बाबा 2020 पर्यंत तिथे जवळच मस्जिद बंदरला माल उचलायचे काम करीत. ते म्हणतात, तिथले उंदीर मांजराला भीत नाहीत.

1896 सालच्या सप्टेंबर महिन्यात मांडवीत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी एका रोग्याला तपासले आणि हा प्लेग आहे असे ओळखले. हे डॉक्टर मूळचे गोव्याचे. पण पहिल्यांदा कोणी साथीचे नाव घ्यायला तयार नव्हते. काही लोक नुसता गाठीचा ताप म्हणत. मोठ्या शहरात प्लेग आहे म्हटले की व्यापार बंद पडतो, बोटी येत नाहीत. थोड्या दिवसांनी मात्र सगळ्यांना कळले आणि मग लोक मुंबई सोडून पळू लागले. काही लाख लोक गेले. रेल्वेने गेले, बोटीने गेले, चालत गेले. त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. आपल्या भागातले पुष्कळ लोक गिरणीत आणि गोदीत कामाला होते, ते घरी आले. आजी म्हणते आपल्या गावात पण तसाच आला.

सरकारने उपाय सुरू केले. गटारे धुतली, औषध मारले, भिंतींना चुना लावला. घरात ऊन यावे म्हणून कौले काढली. रोग्यांचे कपडे, अंथरुणे जाळली. स्टेशनावर उतारूंना तपासू लागले. पण पिसूची गोष्ट तेव्हा सरकारलाही ठाऊक नव्हती. गटारे धुतली की उंदीर शेजारच्या घरात पळायचे आणि पिसवा त्यांच्याबरोबर जायच्या. पिसू रोग पसरवते हे 1898 साली पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवले. तरी सगळ्यांना ते पटायला आणखी कितीतरी वर्षे लागली.

मला सर्वांत नवल वाटले ते पुढचे. लोक आजारी माणसाला लपवून ठेवीत! माळ्यावर लपवीत, कपाटाआड लपवीत. मी गुरुजींना म्हटले, "लोक वेडे होते काय? दवाखान्यात गेले असते तर बरे झाले असते." गुरुजी म्हणाले, "आधी कारण शोध, मग वेडे म्हण."

मग मी कारणे शोधली. पहिले कारण असे की तेव्हा प्लेगवर औषधच नव्हते. आता आहे, लवकर दिले तर रोगी बरा होतो. तेव्हा दवाखान्यात नेलेला माणूस बहुतेक परत येत नसे. शिवाय लोक घाबरून उशिरा नेत, त्यामुळे आणखीच मरत. मग लोक म्हणत, बघा, दवाखान्यात गेला आणि मेला. अशा अफवा उठल्या की तिथे माणसांना मारून त्यांच्या अंगातून औषध काढतात. 1896 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला आणि तिथे मोडतोड केली. ते इस्पितळ अजून आहे. आता त्याचे नाव कस्तुरबा. 2020 साली मुंबईत कोरोनाच्या पहिल्या रोग्यांना तिथेच ठेवले होते.

दुसरे कारण पुण्याचे. 1897 च्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथीचा कायदा केला. त्यात सरकारला पाहिजे तो उपाय करण्याचा हक्क मिळाला. मार्चमध्ये पुण्यात गोरे सोल्जर घरोघर शिरू लागले. मुख्य अधिकारी होता रँड. सोल्जर स्वयंपाकघरात आणि देवघरात बूट घालून जात. बायकांना परक्या पुरुषांसमोर तपासत. घरात एक आजारी सापडला तर त्याला इस्पितळात आणि बाकीच्यांना वेगळ्या छावणीत नेत. सामान जाळीत. कोणी नीट समजावून सांगत नसे, आणि सांगितले तरी भाषा कळत नसे. आता तुम्हीच सांगा, आपल्या घरी असे झाले तर आपण ताप आलाय म्हणून सांगू का? मी तर सांगितले नसते. लोकमान्य टिळकांनी केसरीतून याविरुद्ध लिहिले, पण ते पुणे सोडून गेले नाहीत. लोकांसाठी वेगळे इस्पितळ निघाले त्यातही त्यांनी खटपट केली. पुढे 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या आणि तो काही दिवसांनी मेला. ती गोष्ट तुम्हांला माहीत असेल.

पण त्याच पुण्याजवळ दुसरी एक गोष्ट घडत होती, सोल्जर येण्याच्या आधीपासून. सावित्रीबाई फुले तेव्हा साठीच्या पुढे होत्या. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याने हडपसरजवळ माळरानावर रोग्यांसाठी दवाखाना काढला. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तिथे आणीत. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला तर त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्यातून त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 ला त्या वारल्या. मी खूप वेळ विचार केला की सावित्रीबाई आल्यावर लोक माणूस लपवत असतील का. मला वाटते नसतील.

तिसरे एक नाव वाल्डेमार हाफकिन. ते रशियातल्या ओडेसा शहरात जन्मले होते. (ते शहर आता युक्रेनमध्ये आहे.) त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, पण ते बरे झाले. मग लोक थोडे थोडे विश्वास ठेवू लागले. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. तरीही प्लेग लगेच गेला नाही. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत देशात 1 कोटीपेक्षा जास्त माणसे त्याने मेली. हा आकडा गुरुजींनी फळ्यावर लिहिला तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला.

आता दुसऱ्या साथीचे सांगते. ही मी स्वतः पाहिली आहे, पण मी तेव्हा अंगणवाडीत होते.

9 मार्च 2020 ला पुण्यात कोरोनाचे रोगी सापडले. 11 मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने ही महामारी आहे असे सांगितले. सरकारने तोच 1897 चा कायदा पुन्हा लागू केला. 25 मार्चपासून सगळे बंद. एस. टी. बंद, रेल्वे बंद, शाळा बंद. तेव्हाही पहिल्यांदा कोणाला नीट कळत नव्हते. आधी सांगत, मास्क फक्त आजारी माणसाने लावा. मग सांगू लागले सगळ्यांनी लावा. आई भाजी मिठाच्या पाण्यात धुवायची आणि पिशवी उन्हात टाकायची. रस्त्यावर औषध फवारत होते. नंतर कळले की हा रोग जास्त करून श्वासातून पसरतो, बंद खोलीत गर्दी असली की जास्त. पिसूसारखेच झाले, खरे कारण मागून कळले.

मे महिन्यात बाबा मुंबईहून निघाले. थोडे चालत, थोडे टेंपोने आले. गावाच्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. बाबांना घरी येऊ दिले नाही. आपल्या ह्याच शाळेत चौदा दिवस ठेवले. आई डबा फाटकाशी ठेवून मागे सरायची, मग बाबा येऊन न्यायचे. मी रडायचे. बाबा लांबून हात करायचे. चौदा दिवस वेगळे राहणे बरोबर होते, हे मला आता कळते. माळावर झोपड्या बांधल्या होत्या तसेच ते. पण आमच्या घरी दूध घालायचे बंद झाले, आणि ज्यांच्याकडे रोज जायचो ते आम्हांला पाहून दार लावून घ्यायचे, ते बरोबर नव्हते. बाबांना तर काहीच झाले नव्हते. आई म्हणाली हे लिहू नकोस. बाबा म्हणाले लिहू दे, नावे मात्र नको.

मग सप्टेंबरमध्ये आजीला ताप आला. आजीने कुणालाच सांगितले नाही! दोन दिवस गोधडी घेऊन मागच्या खोलीत पडून राहिली आणि म्हणाली गुडघे दुखतात. तेव्हा आशाताई घरोघर यायच्या. त्यांच्याजवळ ताप बघायचे यंत्र आणि बोटाला लावायचे यंत्र असायचे. पहिल्या दिवशी आजी म्हणाली, मी बरी आहे. आशाताई लिहून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या आणि अंगणात लांब दगडावर बसल्या. त्यांनी आधी शेळीचे विचारले, मग बाबांचे विचारले. मग म्हणाल्या, "आत्या, न्यायचं असंल तर मी गाडीत सोबत येईन. आन् कुनी दूध घालंना तर मला सांगा."

तेव्हा आजी बाहेर आली आणि म्हणाली, "बघ बाई, माझं अंग तापलंय." बोटाला यंत्र लावले तर 91 आले. 95 च्या वर पाहिजे. आजीला तालुक्याला नेले, आशाताई खरेच सोबत गेल्या. आजी अकरा दिवस तिथे होती. आणखी दोन दिवस लपवले असते तर कठीण होते असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले.

हा पाठ लिहिताना मी आजीला विचारले, "तू का लपवलेस?" आजी म्हणाली, "तुज्या बापाला वाटंवर आडवलं ते म्या बघितलं हुतं. परत तुमची सगळ्यांची तीच गत व्हईल म्हनून." मी वहीत मागचे पान काढून पाहिले. तिथे मी लिहिले होते, लोक वेडे होते काय. ते वाक्य मी खोडले.

आमच्या घराचे सांगून झाले. गुरुजींनी सांगितले आहे की प्रत्येकाने आपल्या घरी विचारून यावे, झोपड्यांच्या माळावर कोणाची झोपडी कुठे होती. पालकांपैकी कोणाला माहीत असेल तर या कागदाखाली लिहावे, पेन्सिल दोरीला बांधली आहे. आमच्या आजीची आजी विहिरीच्या अंगाला राहत होती म्हणतात.

चौथीचा वर्ग ज्या खोलीत भरतो तिथेच बाबा चौदा दिवस होते. करमत नसे म्हणून ते निजून वरचे पत्रे मोजायचे. ते म्हणाले 28 आहेत. मी पण मोजले. 28 च आहेत.

इयत्ता चौथी