प्रश्नमंजूषा आपल्या जिल्ह्याची
नंदुरबारच्या शाळांसाठी सामान्यज्ञानाचा एक पाठ

सामान्यज्ञानाच्या स्पर्धा बहुतेक शाळांतून होतात. प्रजासत्ताक दिन, शिक्षक दिन, वार्षिक स्नेहसंमेलन अशा निमित्तांनी वर्गांचे संघ पाडले जातात, फळ्यावर गुण मांडले जातात आणि देशांच्या राजधान्या, चलने, शास्त्रज्ञ व त्यांचे शोध यांविषयी प्रश्न विचारले जातात. अशा प्रश्नांत गैर काही नाही. तथापि जगातील लांब नद्यांची नावे क्रमाने सांगणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या गावाजवळून वाहणारी नदी कोठे उगम पावते व कोठे मिळते हे सांगता येत नसेल, तर त्याच्या ज्ञानाचा पाया कच्चा राहिला असेच म्हणावे लागते.

नंदुरबार जिल्ह्याच्या बाबतीत या विचारास विशेष महत्त्व आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती व तीत दर शंभरांत सुमारे ६९ जण अनुसूचित जमातींचे होते. त्याच जनगणनेत राज्याचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८२ टक्के असताना या जिल्ह्याचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते. येथील अनेक मुले घरी भिली, पावरी, मावची, देहवाली, नोयरी, अहिराणी किंवा गुजर बोली बोलतात. प्रमाण मराठीशी त्यांची खरी गाठ शाळेतच पडते. रानातील झाडे पानांवरून ओळखणारा, ओढ्याला पाणी किती दिवस टिकेल याचा अंदाज बांधणारा मुलगा प्रश्नमंजूषेत मात्र गप्प बसून राहतो, कारण त्याला जे येते ते कोणी विचारतच नाही. दोन-तीन वर्षे असेच घडले की आपणांस काहीच येत नाही असा त्याचा ग्रह होतो. स्पर्धेसाठी प्रश्न कोणते निवडावेत ही बाब म्हणूनच किरकोळ मानता येत नाही.

इयत्ता तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके राज्यात जिल्हावार काढण्यात आली, त्यामागे ओळखीच्या परिसराकडून अनोळखी जगाकडे जाण्याचेच तत्त्व होते. प्रश्नमंजूषेसही ते लागू पडते. पुढे काही प्रश्न नमुन्यादाखल दिले आहेत. प्रत्येक उत्तराबरोबर त्यामागील कारण किंवा पुढचा दुवा दिला आहे, कारण एकाच शब्दात संपणारे उत्तर लवकर विसरले जाते.

जिल्ह्याची ओळख

प्रश्न १ : नंदुरबार जिल्हा केव्हा व कोणत्या जिल्ह्यातून वेगळा झाला?

उत्तर : १ जुलै १९९८ रोजी, धुळे जिल्ह्यातून. त्याच दिवशी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हाही वेगळा करण्यात आला. त्यापूर्वीचा क्रमही विद्यार्थ्यांस सांगावा. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले. पश्चिम खानदेशाचे पुढे धुळे जिल्हा असे नामकरण झाले आणि त्यातून नंदुरबार निर्माण झाला.

प्रश्न २ : जिल्ह्यातील तालुके किती? त्यांपैकी कोणत्या तालुक्याचे नाव व मुख्य ठिकाणाचे नाव भिन्न आहे?

उत्तर : तालुके सहा : नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी. अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण धडगाव हे आहे.

प्रश्न ३ : महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांत पहिला क्रमांक कोणत्या मतदारसंघाचा आहे?

उत्तर : अक्कलकुवा. त्यापुढे अनुक्रमे शहादा, नंदुरबार व नवापूर हे मतदारसंघ येतात आणि हे चारही अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. लोकसभेच्या राज्यातील ४८ मतदारसंघांतही नंदुरबारचाच क्रमांक पहिला आहे. या क्रमवारीत राज्याची गणना वायव्येकडील या कोपऱ्यापासून सुरू होते, हे नकाशावर बोट ठेवून दाखवावे.

प्रश्न ४ : जिल्ह्यातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा ‘पेसा’ कायदा कोणत्या वर्षीचा?

उत्तर : १९९६ चा. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रांना पंचायतविषयक तरतुदी लागू करणारा हा कायदा असून महाराष्ट्राने त्याखालील नियम २०१४ साली केले. नवापूर, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके संपूर्णपणे आणि नंदुरबार व शहादा हे तालुके अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आपले गाव त्यात येते की नाही, हा याला जोडून विचारावयाचा प्रश्न होय.

डोंगर व नद्या

प्रश्न ५ : जिल्ह्यातील दोन मोठ्या नद्या कोणत्या? त्या पश्चिमेकडे का वाहतात?

उत्तर : तापी व नर्मदा. महाराष्ट्रातील गोदावरी, भीमा, कृष्णा या नद्या पूर्वेकडे वाहतात, कारण पठाराचा उतार तिकडे आहे. तापी व नर्मदा या मात्र भूकवच खचून तयार झालेल्या लांबट दऱ्यांतून वाहतात व त्या दऱ्यांचा उतार पश्चिमेकडे आहे. दोन दऱ्यांच्या मध्ये सातपुड्याची रांग उभी आहे. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावते आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. अमरकंटक येथे उगम पावणारी नर्मदा महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरून सुमारे ५४ किलोमीटर वाहते आणि तो सारा भाग याच जिल्ह्यात आहे.

प्रश्न ६ : महाराष्ट्राच्या हद्दीतील सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर कोणते?

उत्तर : अस्तंभा, उंची सुमारे १३२५ मीटर. महाभारतातील अश्वत्थाम्याशी या शिखराचा संबंध लोकश्रद्धेने जोडलेला आहे. दिवाळीच्या सुमारास भाविक रात्रीचा डोंगर चढून येथे यात्रेस जातात.

प्रश्न ७ : तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण कोणत्या जिल्ह्यात आहे?

उत्तर : नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी तालुक्यात. हा प्रश्न सोपा वाटला तरी त्यात एक धडा आहे. १९९८ पूर्वी छापलेल्या पुस्तकांत तोरणमाळपुढे धुळे जिल्हा असे लिहिलेले असते व तेव्हा ते बरोबरच होते. छापील मजकूर कोणत्या वर्षीचा आहे हे पाहण्याची सवय मुलांस येथूनच लावता येईल. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवरील या पठारावर यशवंत तलाव आहे आणि महाशिवरात्रीस गोरखनाथांची यात्रा भरते.

प्रश्न ८ : सरदार सरोवर प्रकल्पामुळे महाराष्ट्रातील किती गावे बाधित झाली?

उत्तर : अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे. धरण गुजरातेत असले तरी त्याच्या जलाशयाचा फुगवटा सातपुड्याच्या दऱ्यांत पसरला. त्यामुळे अनेक कुटुंबांना नर्मदाकाठ सोडून दुसरीकडे वसावे लागले, तर काही वस्त्या पाण्याच्या वरच्या बाजूस डोंगरावर सरकल्या. आजही काठावरील काही वस्त्यांना जाण्यायेण्यास नावेचाच आधार आहे. धरणाची उंची, वीज व सिंचन यांबरोबर विस्थापितांचा विचारही या प्रश्नात आला पाहिजे. पुनर्वसित गावांतील शाळांत या कुटुंबांची मुले शिकतात, याचे भान शिक्षकांनी ठेवावे.

इतिहास

प्रश्न ९ : तापीच्या काठी वसलेले प्रकाशे हे गाव कोणत्या दोन कारणांनी प्रसिद्ध आहे?

उत्तर : शहादे तालुक्यातील प्रकाशे येथे तापी व गोमाई यांचा संगम होतो. तीर्थक्षेत्र म्हणून त्यास दक्षिण काशी म्हणतात. दुसरे कारण पुरातत्त्वाचे आहे. १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बा. कृ. थापर यांनी येथील टेकाडाचे उत्खनन केले. त्यात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. दगडाच्या हत्यारांबरोबर तांबेही वापरणारे शेतकरी तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तापीकाठी राहत होते, असे त्यावरून दिसते.

प्रश्न १० : ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे काय घडले?

उत्तर : ‘छोडो भारत’ आंदोलनास एक महिना पूर्ण होत असताना विद्यार्थ्यांची मिरवणूक तिरंगा घेऊन निघाली. पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता यांना वीरमरण आले. त्यांचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा, म्हणजे त्या दिवशी त्यांना सोळावे वर्ष चालू होते. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हेही त्या गोळीबारात हुतात्मे झाले. बहुधा एकच नाव पाठ केले जाते. प्रश्न विचारताना पाचही नावे मागावीत.

प्रश्न ११ : रावलापाणी हे ठिकाण कशासाठी स्मरणात ठेवले जाते?

उत्तर : तळोदे तालुक्यातील संत गुलाम महाराज यांनी आदिवासी समाजात व्यसनमुक्तीची व आत्मसन्मानाची मोठी चळवळ उभी केली. त्यांच्या निधनानंतर रामदास महाराजांनी ती पुढे चालविली. २ मार्च १९४३ रोजी रावलापाणी येथे जमलेल्या या अनुयायांवर इंग्रजी राजवटीने गोळीबार केला व त्यात आदिवासी बांधव बळी पडले. नंदुरबार शहरातील घटनेनंतर सहा महिन्यांच्या आत डोंगरात घडलेली ही घटना पाठ्यक्रमाबाहेरच राहिली आहे. दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी ठेवल्यास स्वातंत्र्यलढ्याचे चित्र अधिक पूर्ण होते.

लोकजीवन व व्यवहार

प्रश्न १२ : ‘राजवाडी होळी’ कोणत्या गावाची?

उत्तर : अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावाची. काठी हे पूर्वीचे संस्थान. उंच बांबू उभारून पेटविली जाणारी ही होळी पाहण्यास सातपुड्यातील गावोगावचे लोक येतात. कमरेस घुंगरू व डोक्यास मोरपिसांचे टोप बांधून रात्रभर नृत्य चालते. होळीपूर्वी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारात सणाची खरेदी होते.

प्रश्न १३ : सारंगखेड्याची यात्रा केव्हा भरते व तेथे कशाचा बाजार असतो?

उत्तर : मार्गशीर्ष पौर्णिमेस, दत्तजयंतीपासून. तापीकाठच्या या यात्रेतील घोड्यांचा बाजार देशभर प्रसिद्ध आहे.

प्रश्न १४ : मोहाची फुले कोणत्या ऋतूत वेचतात? या झाडाचा आणखी कोणता उपयोग होतो?

उत्तर : फाल्गुन-चैत्रात. फुले वाळवून साठवितात आणि बियांपासून तेल काढतात. याच उन्हाळ्यात अक्राणी व अक्कलकुवा भागात कैऱ्या सोलून, चिरून व उन्हात वाळवून आमचूर तयार करतात. नंदुरबारची मिरची व भौगोलिक मानांकन मिळालेली नवापूरची तूरडाळ यांसही या प्रश्नमालेत स्थान द्यावे. या गटात डोंगरी पाड्यांवरील मुले पुढे असतील आणि शहरातील मुले त्यांच्याकडून शिकतील.

प्रश्न १५ : दोन राज्यांत विभागलेले जिल्ह्यातील रेल्वेस्थानक कोणते?

उत्तर : सुरत-भुसावळ मार्गावरील नवापूर. लोहमार्ग आधीचा आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये निर्माण झाली व सीमारेषा फलाटातून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, तर स्थानकप्रमुखाचे कार्यालय गुजरातेत अशी तेथील व्यवस्था आहे.

प्रश्न १६ : देशातील पहिले आधार क्रमांक कोठे देण्यात आले?

उत्तर : शहादे तालुक्यातील टेंभली या गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत.

स्पर्धा कशी घ्यावी

संघ निवडताना हुशार मानलेल्या चार मुलांनाच पुढे करू नये. प्रत्येक संघात वेगवेगळ्या बोलींची, वेगवेगळ्या पाड्यांची मुले व मुली असाव्यात. उत्तर प्रथम आपल्या बोलीत देण्याची मुभा ठेवावी आणि मग तेच संघातील दुसऱ्याने प्रमाण मराठीत सांगावे. यामुळे भाषेच्या अडचणीपायी ज्ञान अडून राहत नाही आणि प्रमाण भाषेचा सरावही होतो.

प्रश्नांचे तीन समान गट करावेत : पुस्तकातील, जिल्ह्यातील व गावातील. योग्य उत्तरास एक गुण असेल तर ‘असे का?’ या उपप्रश्नाच्या उत्तरास दोन गुण द्यावेत. वेळ मोजून घंटा वाजविण्यापेक्षा संघास विचार करण्यास अर्धा मिनिट मोकळे सोडणे बरे. प्रश्नपत्रिका तयार झाल्यावर प्रत्येक सन व आकडा दोन ठिकाणी पडताळावा. आकड्यापुढे तो कोणत्या वर्षाचा आहे हेही लिहावे, कारण लोकसंख्येचा आकडा जनगणनेगणिक बदलतो.

या कामी ग्रामपंचायतीचे साह्य मोलाचे ठरते. गावाचे क्षेत्र, विहिरी व हातपंपांची संख्या, वनहक्क दाव्यांची नोंद, ग्रामसभेचे ठराव ही माहिती पंचायतीच्या दप्तरात असते. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनी वर्षातून एक दिवस हे दप्तर विद्यार्थ्यांपुढे उघडून समजावून दिले, तर त्यातून प्रश्नही मिळतील आणि उद्याचे जाणते मतदारही घडतील. तालुका पातळीवर गटशिक्षणाधिकारी व केंद्रप्रमुखांनी शाळांकडून आलेले गावपातळीवरील प्रश्न एकत्र केल्यास काही वर्षांत तालुक्याचा एक चांगला माहितीसंग्रह सिद्ध होईल.

विद्यार्थ्यांनी शोधावयाची उत्तरे

पुढील प्रश्नांची उत्तरे येथे दिलेली नाहीत. ती प्रत्येक गावात निराळी असतील. विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांस विचारून, पंचायतीचे दप्तर पाहून व स्वतः हिंडून ती मिळवावीत.

१. आपल्या गावाचे नाव कशावरून पडले?

२. गावातील ओढ्याचे पाणी शेवटी तापीस मिळते की नर्मदेस?

३. गावातील सर्वांत जुनी विहीर कोणी व केव्हा खोदली?

४. आपल्या बोलीत पावसाच्या निरनिराळ्या प्रकारांना कोणते शब्द आहेत? त्यांस मराठीत काय म्हणतात?

५. मागील ग्रामसभेत कोणते ठराव झाले व त्यांपैकी किती अंमलात आले?

६. गावात पहिली शाळा केव्हा सुरू झाली आणि तेथून शिकून बाहेर पडलेली पहिली मुलगी कोण?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेक गावांत अजून हयात असलेल्या आजीबाईच देऊ शकतील. ते आजच विचारून शाळेच्या नोंदवहीत लिहून ठेवावे.