बदलापूरजवळ लाकडी घर: आधी सातबारा, मग साग

प्रश्न: बदलापूरपलीकडच्या गावात ओंडक्यांचे घर बांधायचे आहे. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, अंबरनाथ)

उत्तर: सातबाऱ्यापासून. महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा सहसा शेतकरीच असावा लागतो, आणि आदिवासी खातेदाराची जमीन सरकारी मंजुरीशिवाय बिगरआदिवासीला विकता येत नाही. बिनशेती आणि बांधकाम परवानगीआधी इसार देण्याची घाई नको.

नदीकाठचा स्वस्त प्लॉट तर नकोच. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले. पूररेषा पाहूनच जागा ठरवावी.

अख्ख्या ओंडक्यांच्या भिंती थंड मुलखात शोभतात. इथे चार महिने पाऊस आणि बाराही महिने वाळवी. त्यापेक्षा कोकणातली जुनी रीत बरी: उंच दगडी जोते, सागाचे खांब, उतरते कौलारू छप्पर. खांब जमिनीत पुरू नये, दगडी तळखड्यावर उभा करावा; वाळवी वर चढलीच तर तिच्या मातीच्या नळ्या दगडावर लगेच दिसतात. वळचण इतकी पुढे काढावी, की पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील.

लाकूड वखारीतून पावतीसह, पुरते वाळलेले घ्यावे. स्वतःच्या जमिनीतला साग तोडायलाही १९६४च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते.