कामावरची चोरी आणि दुखावलेले मन

कामगाराने चोरी केली की "लोभी आहे" म्हणून आपण मोकळे होतो. पण लोभ कालही होता. हात आजच का गेला? अमेरिकन संशोधक जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे विचारात घ्यावा. एका कंपनीने आपल्या दोन कारखान्यांत १० आठवडे पगार १५ टक्क्यांनी कमी केला. एकीकडे वरिष्ठांनी आकडे मांडून कारण समजावले, दिलगिरी दाखवली, प्रश्नांना उत्तरे दिली. दुसरीकडे थोडक्यात हुकूम ऐकवून सभा संपवली. कपात सारखीच, पण चोरी दुसऱ्या कारखान्यात कितीतरी अधिक वाढली. आणि पूर्ण पगार सुरू होताच उतरली. माणसे तीच होती, हे ध्यानात घ्या. पैशापेक्षा अवहेलना जास्त झोंबली, असे मला वाटते.

अर्थात प्रत्येक अपहारामागे साहेबच असतो असे नव्हे. अफरातफरीबद्दल तुरुंगात असलेल्यांशी डोनाल्ड क्रेसी बोलले; त्यांचे पुस्तक १९५३ चे. या लोकांची पैशाची अडचण बहुधा चारचौघांत सांगण्याजोगी नव्हती. पेटीला हात लावण्यापूर्वी "उसने घेतो, परत ठेवीन" अशी अनेकांनी मनाची समजूत घातली होती. हिशेबनीस वाचकांना हे वाक्य नवीन नसावे.